हाक न मारणारी कामे

रोहिणी नक्षत्र लागले की गावाला एक वेगळाच सुस्तपणा येतो. नांगरून पडलेल्या रानातली ढेकळे तापून दगडासारखी झालेली असतात. दुपार कलली की माणसे पारावर येऊन बसतात, आभाळाकडे बघतात आणि मृगाच्या गोष्टी करतात. या दिवसांत गावातून एक फेरी मारली तर दर चार वाक्यांमागे एक शब्द कानावर पडतो. तो शब्द म्हणजे 'बघू'.

'माती तपासायला दिली का?'

'द्यायचीय. बघू.'

'घरचं बियाणं उगवतंय का, ते पाहिलं का?'

'बघू की. अजून पाऊस कुठं पडलाय!'

'वडलांच्या नावावरची जमीन तुमच्या नावावर झाली का?'

यावर तर शब्दही येत नाही. नुसता हात हलतो, आणि विषय पावसावर जातो.

'उद्या' हा या 'बघू'चा सख्खा भाऊ. दोघे मिळून घरात कधी शिरतात ते कळत नाही आणि एकदा शिरले की लवकर निघत नाहीत. या लेखात पावसाबद्दल किंवा भावाबद्दल काही लिहायचे नाही, त्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. ज्या गोष्टी आपल्या हातात असूनही आपण वर्षानुवर्षे उद्यावर टाकतो, त्यांच्याबद्दल थोडे बोलायचे आहे.

शेतकरी आळशी नाही

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. शहरातली शहाणी माणसे म्हणतात, 'खेड्यातल्या लोकांना चालढकल करायची सवयच असते.' असे म्हणणाऱ्याला एकदा गावात आठ दिवस ठेवावे. पहाटे चारला उठून धार काढणारा, रात्री दोनला लाइट आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जाणारा, पायाखाली काय आहे याची पर्वा न करता उसात शिरणारा माणूस आळशी कसा? त्याच्या घरची बाई तर त्याच्याही आधी उठते आणि त्याच्याही नंतर झोपते.

मग हाच माणूस तलाठ्याकडे एक अर्ज द्यायला अकरा वर्षे का लावतो?

याचे उत्तर कामांच्या दोन जातींमध्ये आहे. काही कामे हाक मारतात. धारेची वेळ झाली की म्हैस ओरडते. दुधाची गाडी फाट्यावर हॉर्न देते. पीक माना टाकते. सोसायटीची नोटीस दारात येते. या कामांना तोंड आहे, म्हणून ती होतात. दुसरी कामे मुकी असतात. बियाण्याची उगवण तपासणे, खर्चाची वही लिहिणे, वारस नोंद लावणे, विहिरीला कठडा बांधणे, आईचा मोतीबिंदू दाखवणे, सही शिकणे. यातले एकही काम दारात येऊन ओरडत नाही. ती कोपऱ्यात गप बसून राहतात, आणि ज्या दिवशी त्यांना तोंड फुटते त्या दिवशी उशीर झालेला असतो. बैल गेल्यावर झोपा करायची वेळ येते ती अशी.

तात्यांची अकरा वर्षे

आमच्या गल्लीत एक तात्या आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक गल्लीत असे एक तात्या असतातच. त्यांचे वडील २०१२ च्या श्रावणात गेले. तीन एकर कोरडवाहू आणि विहिरीत चौथा हिस्सा एवढी इस्टेट. दहावे-तेरावे झाले आणि भावकीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितले, 'लेका, वारस लावून घे.' तात्या म्हणाले, 'एवढी सुगी होऊ द्या.'

सुगी झाली. मग थोरल्या मुलीचे लग्न निघाले. मग दोन वर्षे पाऊस रुसला. मग 'आता साहेब नवीन आलाय, जरा रुळू दे.' २०१९ मध्ये पीएम-किसान योजना आली. वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत. शेजाऱ्यांच्या खात्यावर पैसे पडू लागले. तात्यांच्या पडले नाहीत, कारण सातबाऱ्यावर अजून मेलेले वडीलच शेती करत होते. सोसायटीने पीककर्ज दिले नाही. म्हणून दर पेरणीला खत-बियाणे दुकानातून उधारीवर उचलायचे आणि सुगीला दुकानदार सांगेल त्या आकड्याला मान डोलवायची. एका न दिलेल्या अर्जाची ही किंमत.

एकदा चहा घेताना मी खोदून विचारले, 'तात्या, खरं सांगा. अर्जाला काय लागतंय? तुम्ही का गेला नाहीत?'

तात्या बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'अर्जाचं काय नाही रे. वारसात बहिणीचं नाव घालावं लागतंय. तिला काय म्हणून सांगू? ती काय म्हणंल? दाजी काय म्हणतील? त्या एका गोष्टीला जीव भ्यायला.'

हे ऐकून माझे डोळे उघडले. तात्यांनी अकरा वर्षे जे टाळले ते कागदाचे काम नव्हते. त्यांनी एक बोलणे टाळले होते. आपण ज्याला कंटाळा म्हणतो त्याचे पांघरूण काढून पाहिले तर खाली बहुतेक वेळा भीतीच निजलेली सापडते. माती तपासली तर ती खराब निघेल. वही लिहिली तर तोटा दिसेल. डॉक्टरकडे गेलो तर काहीतरी निघेल. न पाहिलेला तोटा हा झालेलाच नाही, अशी आपण मनाची समजूत घालतो.

वारस नोंदीची ही कथा एकट्या तात्यांची नाही. २०२५ च्या एप्रिलपासून राज्य शासनाला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घ्यावे लागले. गावोगाव किती तात्या आहेत याचा अंदाज यावरून यावा.

शेंडीला नको, धाग्याला धरा

तात्यांचे काम शेवटी झाले. कसे झाले ते ऐकण्यासारखे आहे. त्यांच्या धाकट्या मुलीने, जी तेव्हा बारावीला होती, एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला 'वारस नोंद' असे लिहिले. त्याखाली तिने एकेक ओळ घातली. आत्याला फोन. ग्रामपंचायतीतून आजोबांचा मृत्यू दाखला. सातबारा आणि आठ-अ चा उतारा. सगळ्या वारसांची नावे, वय, पत्ता. प्रतिज्ञापत्र. अर्ज. मग ती वडलांना म्हणाली, 'बाबा, तुम्ही बाकीचं बघूच नका. आज फक्त पहिली ओळ. फोन लावायचा, आत्या कशी आहे विचारायचं. जमिनीचं बोलला नाहीत तरी चालंल.'

तात्यांनी फोन लावला. पहिल्या दिवशी खरोखरच फक्त पाऊस-पाण्याचे बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा लावला आणि विषय काढला. पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग बहीण म्हणाली, 'दादा, अकरा वर्षं मी वाट बघतेय तू कधी विचारशील म्हणून. नाव लाव माझं. हक्कसोड द्यायचं का नाही ते पुढचं पुढं. आधी त्या कागदावर आण्णांची लेक म्हणून नाव तर येऊ दे.'

तात्यांनी तिचे नाव लावले. ते कायद्याने लावावेच लागते, लेकीचा वाटा लेकाएवढाच आहे. हक्कसोडीचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. तो बहीण-भावाचा प्रश्न आहे, आणि बहिणीने 'नाही' म्हटले तर तेही तिच्या हक्काचेच आहे. मात्र अर्ज गेला. वारस रजिस्टरला नोंद झाली, फेरफार पडला, हरकतीची नोटीस लागली, मुदत गेली आणि मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली. जे काम अकरा वर्षे डोंगराएवढे वाटत होते ते एका हंगामाच्या आत उरकले. सगळ्यांत जड ओळ पहिलीच होती, आणि ती एका फोनची होती.

यातले मर्म असे की, मुलीने वडलांना धीर दिला नाही, उपदेश केला नाही, 'मनावर घ्या' असेही म्हटले नाही. तिने कामाचा तुकडा पाडला. गुंतलेला सुतळीचा गुंडा सोडवताना आपण सगळा गुंडा हातात धरून ओढत नाही. एक मोकळे टोक शोधतो आणि तेवढेच हळू ओढतो. मुक्या कामाचेही तसेच आहे. 'वारस नोंद' हा गुंडा आहे. 'आज आत्याला फोन' हे टोक आहे.

शंभर दाण्यांची परीक्षा

आता असे एक काम घेऊ, जे हा अंक हातात असतानाच सुरू करता येईल. आपल्या भागात सोयाबीनचा पेरा मोठा आहे. घरचे बियाणे ठेवणारेही पुष्कळ आहेत. सोयाबीन सरळ वाणाचे असल्याने एकदा घेतलेले प्रमाणित बियाणे पुढे तीन वर्षांपर्यंत घरचे वापरता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या दाण्याचे साल फार पातळ. पोती आपटली, थप्पीवर थप्पी रचली, मळणीयंत्राचे फेरे जास्त झाले की आतला कोंब दुखावतो आणि वरून दाणा तसाच टुमटुमीत दिसतो. पेरल्यावर आठ दिवसांनी तासात मोकळ्या जागा दिसू लागल्या की मग माणूस डोक्याला हात लावतो. दुबार पेरणीचे पैसे कोण देणार? आणि पैसे मिळाले तरी गेलेला वाफसा कोण देणार?

शितावरून भाताची परीक्षा करायची रीत आपल्या आयाबायांनी घालून दिली आहे. इथे ती शंभर दाण्यांवर करायची.

प्रत्येक पोत्यातून मूठ-मूठ बी काढून एकत्र करा. न निवडता त्यातले शंभर दाणे मोजा. चांगले चांगले वेचून घेतलेत तर फसवणूक आपलीच. एक गोणपाट भिजवून पसरा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, दाण्याला दाणा लागू देऊ नका. वरून दुसरे ओले गोणपाट घाला, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब आलेले दाणे मोजा. असे दोन-तीन नमुने केले तर अधिक खात्री.

सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. साठच उगवले तर तेवढेच रोप मिळायला एकरी पस्तीस किलो लागेल, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. साठाच्याही खाली गेले तर ते बियाणे पेरायचे नाही, दुसऱ्याची सोय बघायची. ती सोय बघायला मृगाच्या आधी हातात दिवस असतात. पेरून झाल्यावर नसतात. पुढची काळजी तर आपल्याला माहीतच आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढायची नाही, बियाण्याला जिवाणू खताची प्रक्रिया करायची आणि तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पेरायचे नाही.

या सगळ्याला खर्च किती? शंभर दाणे, दोन गोणपाटे, एक तांब्या पाणी. वेळ किती? दाणे मोजून मांडायला चहा निवायच्या आत होते. तरीसुद्धा हे काम मागे पडते. का? तर आपल्या मनात त्याचे नाव 'पेरणीची तयारी' असे असते आणि ते नाव फार मोठे आहे. त्यात खत येते, कर्ज येते, ट्रॅक्टरवाला येतो, मागची उधारी येते. त्या नावाला बघूनच माणूस पारावर जाऊन बसतो. 'शंभर दाणे मोजणे' या नावाला कोणी भीत नाही.

माती परीक्षणाचेही तेच. 'माती तपासायची' म्हटले की तालुक्याची फेरी, प्रयोगशाळा, रांग हे सगळे डोळ्यांपुढे येते. पण त्याचा पहिला तुकडा आपल्याच रानात आहे. शेणखत-रासायनिक खत टाकण्याआधी रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा सोडायची. खड्ड्याच्या कडेची माती स्वच्छ घमेल्यात गोळा करायची, सावलीत वाळवायची, कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असे करत अर्धा किलो राहिली की पिशवीत भरायची. आज एवढेच. पिशवी दाराशी दिसत राहिली की ती आपोआप हाक मारू लागते, आणि तालुक्याला जाणारा कोणीतरी घरातून निघतोच. मुक्या कामाला तोंड फोडायची ही एक युक्ती आहे.

रांगोळीशेजारचे अक्षर

पुरुषांच्या कामांना निदान पारावर चर्चेचा मान तरी मिळतो. बायकांच्या मनातली कामे त्याहून मुकी. शेजारच्या वाडीत एक आक्का आहेत, पंचावन्नच्या पुढच्या. बचत गटात पहिल्यापासून आहेत. एक हप्ता कधी चुकला नाही, पण रजिस्टरवर प्रत्येक वेळी अंगठा. निळी शाई बोटाला लागली की घरी येईपर्यंत ते बोट पदरात लपवायच्या. 'सही शिकायचीय' हे त्या वीस वर्षे म्हणत होत्या. पाटी आणली होती, ती माळ्यावर गेली. साक्षरतेच्या वर्गाला दोनदा नाव घातले, दोन्ही वेळा सुगी आडवी आली.

शेवटी तिसरीतल्या नातीने तोडगा काढला. आक्का रोज सकाळी सडा घालून रांगोळी काढतात. ते काम तीनशे पासष्ट दिवस चुकत नाही. नात म्हणाली, 'आज्जी, रांगोळीशेजारी रोज माझ्यासंगं एकच अक्षर काढ.' पहिले अक्षर आठ दिवस चालले. उलटे यायचे, पाय वर जायचे. नवव्या दिवशी सरळ आले. नाव चार अक्षरांचे, आडनाव तीन. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत आक्कांनी पेन मागितला तेव्हा गटातल्या बायका बघत राहिल्या. सही वेडीवाकडी होती आणि शेवटचे अक्षर चौकटीबाहेर गेले. आक्का म्हणाल्या, 'जाऊ दे बाहेर. अंगठा तर आत राहिला नाही ना!'

या गोष्टीत दोन मुद्दे आहेत. एक, त्यांनी वेगळा वेळ काढला नाही. बाईमाणसाला वेगळा वेळ मिळत नाही, मिळाला तर घरातले कोणीतरी तो उचलून नेते. जे काम रोज होतेच, त्याच्या शेपटीला नवे काम बांधले. दोन, एका अक्षराला आठ दिवस लागले तरी त्या थांबल्या नाहीत, कारण रोजचा वाटा फक्त एका अक्षराचा होता. त्यात हरायला जागाच कमी होती.

धारेच्या शेपटीला असेच एक काम एका तरुणाने बांधले. चार गायी, दूध डेअरीला. पैसे येतात पण राहत नाहीत, हे रोजचे रडगाणे. हिशेबाची वही आणली होती, पहिल्या पानावर गणपती काढून ती तशीच कोरी पडली. मग त्याने ठरवले की सगळा हिशेब नको. दूध घालून आल्यावर, चप्पल काढायच्या आधी, प्रत्येक गाईचे दूध आणि तिला घातलेले खाद्य एवढे दोनच आकडे लिहायचे. पेन दाराच्या चौकटीला दोरीने बांधला. महिनाभराने आकडे स्वतःच बोलू लागले. तीन गायी घर चालवत होत्या आणि चौथी त्या तिघींचे खात होती. ती सारखी उलटत होती, आणि 'पुढच्या महिन्यात दाखवू' म्हणत वर्ष गेले होते. त्याने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला बोलावले. गाय पुढे लागली की विकली, हा भाग वेगळा. तोटा कुठे गळतो आहे ते भोक त्याला सापडले, हे महत्त्वाचे.

सोळा हेक्टरचा माळ

कोणी म्हणेल, 'अशा चिमटी-चिमटीने काय होणार? गावाचे प्रश्न डोंगराएवढे आहेत.' त्यांच्यासाठी एक जुनी आठवण. १९७२ चा दुष्काळ. पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. रोजगार हमीवर खडी फोडणारी शेतकऱ्यांची रांग त्यांनी पाहिली. तालुका अवर्षणाचा, माणसे हजारो. इतका मोठा प्रश्न पाहून कोणीही परत फिरला असता किंवा मोठा अहवाल लिहायला बसला असता. त्यांनी नायगावात देवस्थानची सोळा हेक्टर, म्हणजे चाळीस एकर, माळाची जमीन करायला घेतली. उताराला बांध घातले, पाणी अडवले, जिरवले, विहीर काढली. जिथे कुसळही धड येत नव्हते तिथे पीक उभे राहिले. त्या चाळीस एकरांनी लोकांची खात्री पटली आणि त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर मोजायचे, माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. हा नियम आजही विचार करायला लावतो. पण आधी नियम आला नाही. आधी एक माळ आला.

गाडगेबाबांचेही तसेच. बाबा गावात आले की सभा बोलवायचे नाहीत. खराटा घ्यायचे आणि समोरची जागा झाडायला लागायचे. आधी गाव बघत राहायचे, मग दोघे-चौघे हात लावायचे. दिवसभरात गाव लखलखीत आणि मग रात्री कीर्तन. २००० साली राज्याने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले ते उगीच नाही. सुरुवात कोणाच्या परवानगीची वाट बघत नाही, ती समोरच्या वीतभर जागेपासून होते, हे त्या खराट्याने शिकवले.

थोडे पथ्य

मात्र हा मंत्र सगळीकडे चालत नाही, तेही सांगायला हवे. ज्या कामाला मुदत आहे, तिथे तुकडे पाडत बसू नये. घरात जन्म किंवा मृत्यू झाला तर त्याची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. ते काम त्याच आठवड्यात पुरे करून दाखला घरात ठेवावा, म्हणजे पुढे लेकराला तात्यांसारखी पायपीट करावी लागणार नाही. छातीत दुखत असेल तर 'आज फक्त डॉक्टरचा नंबर शोधू' असे म्हणू नये, गाडी काढावी.

आणि छोटी सुरुवात म्हणजे सगळ्या दुःखावरचे औषध नव्हे. भाव पडला, गारपीट झाली, तर शंभर दाणे मोजणाऱ्याचेही नुकसान होते. ज्याच्या डोक्यावर कर्जाचे ओझे आहे त्याला 'तू आज छोटी सुरुवात कर' असा शहाणपणा दुरून शिकवणे हे पाप आहे. त्याला जवळ बसणारे माणूस लागते. त्याच्याकडे जाऊन बसणे हेही एक मुके कामच आहे. तेसुद्धा आपण उद्यावर टाकत असतो.

दिवस चुकतोच, हेही गृहीत धरावे. आपला स्वभाव असा की दोन दिवस खंड पडला की 'नव्याचे नऊ दिवस' म्हणून आपणच आपली चेष्टा करतो आणि सोडून देतो. पाळीत एक तास चुकला म्हणून कोणी सगळी कुळवणी सोडून घरी जात नाही. पुढच्या तासाला बैल वळवतो. आक्कांचीही कापणीच्या दिवसांत चार अक्षरे बुडाली होती. पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा रांगोळीचा डबा उचलला, एवढेच.

आज, दिवे लागायच्या आत

मग करायचे काय? मनात सगळ्यांत जास्त दिवस गप बसलेले एक काम निवडा. एकच. दहा निवडलीत तर ती पुन्हा पारावर जाऊन बसतील. त्याचे मोठे नाव पुसा आणि आज दिवे लागायच्या आत, घरात आहे त्या सामानात होईल असा त्याचा तुकडा पाडा. तो तुकडा धारेला, रांगोळीला, दूध घालायला जाण्याला, कशाला तरी बांधा. घरातल्या एका माणसाला सांगा, शक्यतो लहान मुलाला, कारण ती विचारायला विसरत नाहीत. झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारा.

काही सुचत नसेल तर कोठीतले पोते उघडा. गोणपाट भिजवा. शंभर दाणे मोजा. सात दिवसांनी कोंब मोजताना मृग आणखी जवळ आलेला असेल, आणि पारावर कोणी विचारले की 'बियाणं तपासलं का?', तर 'बघू' म्हणायची पाळी येणार नाही. आकडा सांगता येईल.

अंकाची घडी घालून तो आढ्याला खोवण्याआधी एकदा गोणपाट कुठे आहे ते पाहून घ्या.